रामधनीचा नाला आणि माझा नाला

ज्येष्ठ वद्य पंचमी, सकाळ. हजर: मी विनायक; आत पोळ्या लाटत सगळं ऐकणारी माझी बायको गोदावरी; आणि लिहून घेणारे तुम्ही, मास्तर. हं, लिहा.

आमचे पणजोबा कोकणातून काशीला आले, तेव्हापासून घर दुर्गाघाटावरच. वडील घाटावर यात्रेकरूंची कामं करायचे, थोरला भाऊ आजही करतो. मी इंग्रजी शिकलो, सरकारी प्रयोगशाळेत लागलो, आणि काम काय मिळालं, तर नाल्यांचं पाणी आणायचं. भाऊ म्हणतो, आम्ही लोकांना गंगाजल देतो आणि हा गटार गोळा करतो. म्हणू दे. त्याचा मला राग नाही. राग येतो तो रामधनीचा.

रामधनी माझ्याच बरोबरीचा नोकर. दशाश्वमेधाकडचा नाला त्याचा, आमच्या गल्ल्यांचा माझा. आता तुम्हाला समजेल असं सांगतो. पटकीचे जंतू नळीत वाढवले की आतलं पाणी गढूळ होतं. त्यात नाल्याचं पाणी बारीक गाळून थेंबभर टाकलं, की कधी कधी नळी लख्ख होते, जंतू खलास. त्यांना खाणारं काहीतरी त्या घाणीत असतं, कुणाला दिसत नाही. आमचे बंगाली डॉक्टरसाहेब त्याला फाज म्हणतात. आणि फाज एक नाही हो, जातीच जाती. जंतू पसरलेल्या बशीवर त्यांची भोकं पडतात, कुणाचं मोहरीएवढं, कुणाचं टाचणीच्या टोकाएवढं, कुणाभोवती धुरकट कडं. आणि एक जात जो जंतू खाते त्याला दुसरी शिवतही नाही. म्हणून सगळ्या जाती एकत्र करून जत्रेआधी औषध भरायचं ठरलंय. गेल्या साली आमच्या गल्लीत पटकीनं माणसं गेली, तेव्हा आमच्या नाल्यातली जात त्यात हवीच की नाही?

पण रामधनीच्या बशीची नुसती चाळण व्हायची, आणि डॉक्टरसाहेब गोऱ्या साहेबाला बोलावून दाखवायचे, वाह रामधनी. जसं काही त्यानंच बसून भोकं पाडली! नाला शहराचा, घाण शहराची, यात त्याची काय करामत? आणि माझी बशी दर वेळी कोरी. एकदा रामधनी सगळ्यांदेखत मला म्हणाला, पंडितजी, आपका नाला तो बाँझ है. काय सांगू तुम्हाला, त्या दिवशी घरी जेवतानाही माझा तोच विषय. ही आतून म्हणते, सवतीमत्सर ऐकला होता, नाल्याचा मत्सर आमच्याच घरात बघितला.

काल डॉक्टरसाहेबांनी विचारलं, विनायक, पाणी आणतोस कशात? म्हटलं, काचेची बाटली दोरीनं सोडली तर दगडावर फुटते, म्हणून त्या कामाला वेगळा तांब्याचा लोटा ठेवलाय, घरात येत नाही तो. त्यात रात्रभर ओट्यावर ठेवतो, गाळ बसला की वरचं निवळ पाणी बाटलीत. साहेबापुढे घाण कशी न्यायची? आणि तांब्यातलं पाणी आमच्यात शुद्ध. त्यांनी कपाळावर हात मारला. म्हणाले, त्या तांब्यानंच सगळे फाज मारलेस! गढूळच हवं, आणि थेट काचेत. उद्या संध्याकाळपर्यंत आण, परवा औषध भरून बंद.

म्हणजे आज संध्याकाळपर्यंत. ही म्हणते, अहो, मग बसलात काय? बसलोय, कारण तांब्यातून भरलेल्या माझ्या बाटल्या साहेबांनी बाद केल्या, आणि उकळून बूच मारलेल्या नव्या बाटल्यांची पेटी रामधनीच्या ताब्यात. त्याच्या दारात उभं राहून म्हणायचं, भैया, एक बाटली दे. तो देईल, नाही असं नाही, पण देताना हसेल. देव त्याचं भलं करो, त्याच्या नाल्याचं जरा कमी केलं तरी चालेल.

दोरी घेतली, बाटलीला बांधायला जाड फडकं घेतलं, तिच्यावर आमच्या नाल्याचं नाव घालायला खडू घेतला. बाटली तेवढी मागायची राहिलीय.