पोटातून माणसं काढणारा राक्षस आणि आमचे गुरुजी

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्षा, आपल्या गावच्या सरपंच उषाबाई. भोकरदनहून ऊन डोक्यावर घेऊन आलेले प्रमुख पाहुणे, केंद्रप्रमुख राधेश्यामसाहेब. आजचे सत्कारमूर्ती, शाळेतून निवृत्त होणारे आमचे भालचंद्र गुरुजी. त्यांच्या शेजारी बसलेल्या आणि आता हे दिवसभर घरातच असणार म्हणून आत्तापासून काळजीत पडलेल्या रजनीताई. व्यासपीठावरचे बाकीचे मानकरी, समोरच्या माझ्या आयाबहिणी, बापेमाणसं, आणि मागं दारापाशी बुंदीच्या वासाकडं तोंड करून उभी असलेली मंडळी! सगळ्यांना झुंबरबाईचा नमस्कार.

माझ्याआधी बोललेल्यांनी गुरुजींना ‘शिस्तप्रिय’ म्हटलं. किती गोड शब्द आहे! गावात त्यासाठी दुसरा शब्द चालतो, पण खांद्यावर शाल असलेल्या माणसासमोर तो काढायचा नसतो. गुरुजींची मोटारसायकल वळणावर दिसली की शाळेच्या छपरावरच्या चिमण्यासुद्धा पाढे म्हणायच्या. हसू नका, राधेश्यामसाहेब. तुम्ही तपासणीला यायचे तेव्हा तुम्हीपण टोपी सरळ करूनच फाटकातून आत यायचे, मी पाहिलंय.

मला अक्षर ओळखता येत न्हाई. तरी आज मला बोलायला उभं केलंय, कारण गेल्या श्रावणापासून दिवाळीपर्यंत गुरुजींची सगळ्यात म्हातारी विद्यार्थीण मीच होते.

त्याचं असं झालं. माझी नात आकांक्षा. तिच्या मावशीनं संभाजीनगरहून तिला चित्रांच्या पुस्तकांचा गठ्ठा आणून दिला. जपानी पुस्तकं, आतली बोली इंग्रजी. त्याला मांगा म्हणतात. एका भागात एक राक्षस, असे दहा भाग. पोरीनं पहिला भाग वर्गात उघडला मात्र, गुरुजींनी सगळा गठ्ठाच जप्त केला. तिची दहावी झाली, ती भोकरदनला कॉलेजात गेली, पुस्तकं मात्र गुरुजींच्या कपाटातच राह्यली. मी गेले मागायला.

गुरुजी म्हणले, “झुंबरमावशी, असली राक्षसांची चित्रं पाहून पोरं बिघडतात.”

मी म्हणलं, “आपल्या पोथीत काय सगळे सज्जनच असतेत का? आधी वाचून दाखवा. बिघडले तर मी म्हातारी बिघडंल, तुमचं काय जातंय?”

आता गुरुजींना कुणी ‘वाचून दाखवा’ म्हणलं की त्यांच्यानं राहवत न्हाई. श्रावण लागला होता. पोथी लावतो तशी आम्ही मांगा लावली. शाळा सुटली की व्हरांड्यात सतरंजी, पुढं पाट, पाटावर पुस्तक. गुरुजी एक ओळ इंग्रजीत वाचायचे आणि मंग अर्थ सांगायचे. ऐकायला मी, शेजारची द्वारकाबाई आणि घरी करमत न्हाई अशी सगळी आळी.

गुरुजींनी पुस्तक आपल्या रिवाजानं उघडलं. पहिल्याच पानावर ठळक अक्षरं होती. त्यांनी अर्थ सांगितला, “थांबा! तुम्ही चुकीच्या दिशेने चालला आहात.” आम्ही हात जोडले. केवढा उपदेश, तोही पहिल्याच पानाला! आणि दर भागाच्या सुरुवातीला तोच. द्वारकाबाई तर म्हणायची, जपानी लोक फार धार्मिक दिसतेत.

पहिला राक्षस पोटतोंड्या. नाव आम्हीच ठेवलं, त्याच्या पोटावर तोंड होतं म्हणून. सुरुवातीलाच त्याचं मुंडकं उडालेलं. गुरुजी म्हणले, “मेला.” पान उलटलं तर मुंडकं परत धडावर! गुरुजी थोडे घुटमळले, मंग म्हणले, “पुनर्जन्म.” पुढं काय पाहावं? तो पोटातून माणसं काढून राह्यला! एकेक काढायचा, पायावर उभं करायचा, आणि ती माणसं उलट्या पावलांनी आपापल्या घरी जाऊन ताटावर बसायची. सगळं गाव त्यानं जेवायला बसवलं. बोलणं आणि चित्र कुठं जुळायचं न्हाई, तिथं गुरुजी म्हणायचे, “इथं गूढार्थ आहे.” आम्ही माना हालवायचो. मंग त्या राक्षसाचं पोट बसलं, तोंड मिटलं, शिंगं गेली, आणि राह्यलं एक हडकलेलं लेकरू. दुष्काळ पडलेला. आईनं स्वतःच्या वाटणीचा भात त्याच्या वाडग्यात टाकला, आणि पुस्तक संपलं.

कुणी उठंना. द्वारकाबाई पदरानं डोळे पुसत म्हणली, “असला राक्षस आपल्या तालुक्याला का न्हाई मिळाला?” राधेश्यामसाहेब, तिचं बोलणं मनावर घेऊ नका.

दुसऱ्या भागात केसाळी. तिचे केस लोकांच्या गळ्याला आवळलेले. तिनं ते एकेक सोडले, माणसं खोकत उठली. होता होता ती राक्षसीण साधी पोर झाली. सावत्र आई कात्री घेऊन उभी, केस जमिनीवर पडलेले. आणि एकदम ते केस उडून पोरीच्या डोक्यावर जाऊन बसले! कात्री निमूट कोनाड्यात गेली. त्या दिवशी आम्ही पुस्तकाला गजरा वाह्यला.

असे नऊ भाग झाले. दर भागाला एक मेलेला राक्षस हाताशी धरायचा आणि त्याला त्याच्या लहानपणापर्यंत पोचवूनच सोडायचं. त्याचा परिणाम होणारच की! द्वारकाबाईचं आणि तिच्या जावंचं बांधावरून बोलणं बंद. एकदा मला हळूच म्हणली, “मावशे, आमची जाऊपण कधीकाळी लेकरूच असंल, न्हाई का?”

मी म्हणलं, “असंल बाई. पण तिथवर जायला लई पानं लागतील.”

आणि गुरुजी? आधी कुणी उशिरा आलं की म्हणायचे, “हात पुढं कर.” आता विचारायला लागले, “सकाळी काय खाल्लं?” पोरं जास्तच भेदरली. घरी येऊन सांगायची, गुरुजींना काहीतरी झालंय. पण ज्यांनी काहीच खाल्लेलं नसायचं, त्यांच्यासाठी रजनीताईंच्या घरून पोळ्या यायला लागल्या. रजनीताई, मान खाली घालू नका, खरं तेच सांगून राह्यले.

मंग दिवाळीच्या सुट्टीत आकांक्षा आल्ती. सतरंजीवर बसली, थोडं ऐकलं, आणि पोट धरून हसायला लागली. “आज्जे, अगं हे उजवीकडून उघडायचं असतंय! तुम्ही सगळं शेवटापासून सुरुवातीकडं वाचून राह्यलेत!”

गुरुजींचा चष्मा नाकावर तसाच. म्हणले, “म्हणजे तो पोटतोंड्या…?”

“माणसं खातो, गुरुजी. काढत न्हाई.”

“सगळी?” द्वारकाबाईनं विचारलं.

“सगळी. लेकरू असतंय, उपाशी राहतंय, राक्षस होतंय, गाव खातंय आणि मरतंय. आणि ते पहिल्या पानावरचं ‘थांबा’ म्हणजे पुस्तक उलटं धरलंय एवढंच!”

द्वारकाबाई त्या दिवशी जेवली न्हाई. गाव गेलं म्हणून तिनं सुतक पाळलं.

आणि गुरुजींनी पुस्तक मिटलं ते मिटलंच. पुन्हा व्हरांड्यात आले न्हाई. रजनीताईंना म्हणले, “जन्मभर पोरांची उत्तरं तपासली आणि शेवटच्या वर्षी सगळ्या गावाला उलटं वाचून दाखवलं. काय तोंड घेऊन जाऊ?” आजच्या कार्यक्रमालासुद्धा तयार नव्हते. म्हणले, लोक हसायला येतील. उषाबाई स्वतः दोनदा घरी गेल्या तेव्हा कुठं आले.

गुरुजी, उद्या तुमचं सामान पुण्याला चाललं. लेकाच्या घरी जाऊन गॅलरीत बसाल आणि मनात हेच धराल, की गाव आपल्याला हसतं. हे ओझं मी तुम्हाला टेम्पोत घालू देणार न्हाई.

हसलो आम्ही, हसलो. खोटं कशाला बोलू? आकांक्षा सांगत होती तेव्हा मी तर खांबाला धरून हसले. पण सरळ वाचलं असतं तर काय झालं असतं? राक्षस शेवटी मेला असता, आम्ही “बरं झालं, मुडदा गेला” म्हणून सतरंजी झटकून घरी गेलो असतो. त्याची आई लक्षात राह्यली असती का कुणाच्या? ती पहिल्या पानावरच मागं पडली असती. तुमच्या चुकीनं ती शेवटी भेटली. आणि रजनीताईंच्या पोळ्या काय उलट्या होत्या का, गुरुजी? त्या तर सरळ पोरांच्या पोटात गेल्या.

आता माझी मागणी. दहावा भाग राह्यलाय. हा बघा, शालीच्या ताटात नारळाखाली मीच ठेवून आणलाय. आकांक्षाला मी काही सांगू दिलं न्हाई, पण दोन्ही टोकांची चित्रं पाहून ठेवलीत, तेवढं मलाबी वाचता येतं. राक्षस आहे कंदीलवाला, मानेवर डोक्याच्या जागी कंदील. एका टोकाला तो कंदील फुटलाय आणि नुसता धूर आहे. दुसऱ्या टोकाला एक लहान भाऊ घाटावर कंदील धरून उभा आहे आणि लांबून बहिणीची नाव येतेय. मधे काय आहे मला ठाऊक न्हाई. तुम्ही गेल्यावर ठाऊक होणारबी न्हाई. आकांक्षा वाचंल, पण जल्दी जल्दी वाचंल. तिला गूढार्थ सांगता येत न्हाई.

अध्यक्षबाई, परवानगी आहे ना? बुंदी काय पळून जात न्हाई.

अहो, कुणीतरी गुरुजींना वाट द्या. शाल पायात अडकंल, रजनीताई, धरा… हां. या गुरुजी, इथं माईकपाशी.

उषाबाईंनी मला बोलायचा मान दिला, राधेश्यामसाहेबांनी एवढा वेळ ऐकून घेतलं, तुम्ही सगळे घामात बसून राह्यले, सगळ्यांचे आभार. अडाणी बाईच्या बोलण्यात काही मागचं पुढं, पुढचं मागं झालं असंल, तर पोटात घाला.

काय म्हणता, गुरुजी? मोठ्यानं बोला… मला विचारून राह्यलेत, “मावशी, कुठल्या बाजूनं उघडू?”

घ्या! बाकीच्या नऊ जणांना घरी पोचवलं आणि ह्या एकट्याला काय धुरात सोडून जेवायला बसायचं? धुरापासून सुरू करा, गुरुजी. ती नाव घाटाला लागू द्या.