काचेपलीकडची ओटी

जबाब, ता. १५ ऑक्टोबर १९९१

नाव हौसाबाई दामाजी कोळी, वय अंदाजे साठ, धंदा सुकी मासळी विकणे, राहणार कोपरी, ठाणे पूर्व.

मी सून जनी हिच्यासह वरील ठिकाणी राहते. आज पोलीस ठाण्यात समक्ष हजर होऊन, विचारल्यावरून सांगते ते असे.

माझे पती वारून बरीच वर्षे झाली. मुलगा कान्हा नारळी पुनवेनंतर होडी घेऊन खाडीत गेला. दुसऱ्या दिवशी होडी भरतीबरोबर किनाऱ्याला लागली. कान्हा आला नाही. प्रेत मिळालेले नाही. शेजारच्या बायका जनीचे कुंकू पुसा म्हणून मागे लागल्या होत्या. मी पुसू दिले नाही. माझ्या घरात कोणाच्या कपाळावर काय असावे हे लोकांनी ठरवायचे कारण नाही. कान्हा परत यावा म्हणून जनीने देवीची ओटी भरायचा नवस बोलला होता.

आमच्या भागातील मंडळाने यंदा देखावा केला आहे. अंधाऱ्या गुहेत देवी हळूहळू प्रकट होते व अधांतरी उभी राहते. मागचे खडक तिच्या अंगातून दिसतात. काल सातव्या माळेला, दिवेलागणीनंतर, मी व जनी तिथे गेलो. गर्दी होती. देवी प्रकट झाली तेव्हा सर्वांनी हात जोडले, मीही जोडले. देवी डाव्या हाताने आशीर्वाद देत होती. मला ते बरे वाटले नाही, पण जनीला बोलले नाही.

जनी म्हणाली, "आये, देवी जवल हाय. हात पुरल."

मी म्हणाले, "जा, भर." हे मीच म्हणाले, तिच्यावर ढकलू नये.

जनी दोरीखालून आत गेली. मागून शेजारीण विमलाबाई ओरडली, "अगं, ही कशी ओटी भरते? नवरा बुडालाय ना हिचा?" जनी थांबली नाही. ओटी घेऊन दोन्ही हात पुढे करीत ती तशीच चालत गेली. मोठा आवाज झाला आणि देवी नाहीशी झाली. जनीचे हात कोपरापर्यंत चिरले. नारळ गुहेत पडला, देवी उभी होती नेमका तिथे. तिथे नुसती फळी होती.

लोक बोलू लागले की रांडावलेल्या बाईची ओटी नको म्हणून देवी निघून गेली. मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, हिने मुद्दाम काच फोडली, केस करतो. जनीला रक्ताचे भान नव्हते. इस्पितळात टाके घालेपर्यंत ती एकच विचारीत होती, "आये, देवी का गेली?"

आज सकाळी मी मांडवात गेले. देखावा करणारा काळुराम, राहणार ठाकुर्ली, काचा गोळा करीत होता. त्याची कॉलर धरून मी विचारले, देवी कुठे आहे दाखव. त्याने डावीकडचा काळा पडदा सारला. आत देवी उभी होती. प्लास्टरची, कमरेएवढी, तोंडावर दिवे लावलेली. तिचा उजवा हात वर होता.

काळुरामने सांगितले ते मला समजले ते असे. समोर साफ काच तिरकी लावली होती. पडद्याआडच्या मूर्तीवर उजेड टाकला की तिची छबी काचेपलीकडे गुहेत उभी राहते. आरशात होते तसे उजव्याचे डावे होते. मूर्ती काचेपासून जेवढी लांब, तेवढीच छबी काचेच्या मागे. पहिल्या माळेला देवी गुहेत पार आत दिसत होती.

तो म्हणाला, "मावशी, मी अध्यक्षसाहेबांना बोललेलो, जवळ नका घेऊ, कोणीतरी हात घालेल. ते बोलले, देवी लोकांना हाताशी वाटली पाहिजे. मग मी मूर्ती काचेकडे सरकवली. काल काच फुटली म्हणून छबी गेली. देवी इथेच होती."

माझा विश्वास बसेना. गुहेतला नारळ मी उचलून पुसला. खण, तांदूळ घरून आणले होते. मी देवीची ओटी भरली. मी विधवा आहे हे साऱ्या कोपरीला ठाऊक आहे. मी बराच वेळ उभी राहिले. देवी कोठेही गेली नाही. हे अध्यक्षांना वाचून दाखवावे.

मला फार आनंद झाला. तो मी पडद्याबाहेर येईपर्यंतच टिकला. देवी विधवेचीही ओटी घेते, तर काल ती दिसेनाशी झाली यावरून माझा कान्हा गेला असे होत नाही. पण काल ती तशीच उभी राहिली असती, तरी तो आहे असेही झाले नसते. देवीने ओटी घेतली म्हणजे कान्हा जिवंत आहे, या एकाच आशेवर आम्ही दोघींनी इतके दिवस काढले. हे जनीला अजून सांगितलेले नाही. कसे सांगावे ते मला समजत नाही.

जनीने काच मुद्दाम फोडली नाही. तिला काच दिसलीच नाही.

हा जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवला. त्यात कान्हाच्या नावामागे 'मयत' लिहिले होते, ते मी खोडायला लावले. मग काय लिहू, असे त्यांनी विचारले. मी म्हणाले, जागा मोकळी सोडा. बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे. मला सही येत नाही. अंगठा डाव्याच हाताचा लागतो म्हणाले, म्हणून तो दिला आहे.

निशाणी डावा अंगठा, हौसाबाई दामाजी कोळी