टबातलं साडेसहा

…आणि आज परत पाच! काल सहा होतं हो, काल चांगलं सहाला टेकलं होतं, मी या दोन डोळ्यांनी बघितलं, आणि आज सकाळी कागद बुडवला तर पाच! तुम्हाला सांगतो, तीस वर्षं दक्षिण आफ्रिकेतल्या या म्दान्तसानेत घरोघरी फिरून पाण्याचे मीटर वाचले, कुत्री चावली, बायका अंगावर ओरडल्या, पण आकड्याने मला असं कधी रडवलं नाही. साडेसहा! फक्त साडेसहा पाहिजे होतं. मी काय जास्त मागत होतो का?

गांजाच्या मातीचं सांगतोय. हसू नका! आता मुभा आहे, आपल्या घरी, आपल्यापुरता लावायचा. आणि माझ्यासाठी नव्हताच तो, मला साध्या सिगारेटचा ठसका लागतो. तो नोक्वाखासाठी. माझी बायको हो! चर्चमध्ये गुरुवारच्या प्रार्थनेला लाल जाकीट, पांढरी टोपी घालून सगळ्यात पुढे बसणारी बाई. मागच्या हिवाळ्यात तिचं मोठं आजारपण झालं, दवाखान्यातून घरी आली आणि तेव्हापासून अन्नच नको. मक्याची उसळ केली, नको. कोंबडीचं पाणी केलं, नको. लग्नाची अंगठी आता दोरा गुंडाळून घालते… मग एक दिवस आपणहून म्हणाली, "राडेबे, ऐका" (कुळाच्या नावाने हाक मारते ती मला, चाळीस वर्षं झाली) "माझी आई माहेरी लुसिकिसिकीला गांजाची पानं उकळून द्यायची. आजोबा मग पातेलं पुसून खायचे. पण कोपऱ्यावरच्या पोरांकडून आणलंत तर तोंडाला लावणार नाही. आपल्या आवारातलं असेल तरच."

आता इतक्या महिन्यांत बाईने पहिल्यांदा काहीतरी मागितलं, मी काय नाही म्हणणार? बी तिच्या मावसभावाने पाठवलं. आणि माती? बाजारातली पिशवी? छे! मी त्सोमोला गावी गेलो, आमच्या वडिलांच्या गुरांच्या कुंपणातलं जुनं शेणखत तीन पोती भरून आणलं, जुना पत्र्याचा आंघोळीचा टब काढला, आणि तिच्या खिडकीखाली ठेवला. तिला पडल्या पडल्या दिसावं म्हणून.

रोप वीतभर झालं आणि पडलं की पिवळं! शेजारी फिकिले मास्तर, शाळेत रसायनशास्त्र शिकवायचा, रिटायर झाला तरी सवय गेली नाही, कुंपणावरून म्हणतो कसा, "डुमा, काय घातलंस?" म्हटलं, खत. "आणखी?" आणखी खत. "वाटलंच! हा कागद घे. चमचाभर माती, पावसाचं पाणी, ढवळ, अर्धा तास थांब, मग बुडव. पीएच सहा ते सातमध्ये पाहिजे. साडेसहा म्हणजे झकास." बुडवला. पाच! मास्तर म्हणाला, "आंबट झालीय रे. मातीत अन्न ढीगभर आहे, पण आंबट मातीत मुळांना ते घेताच येत नाही. समोर वाढलेलं ताट आणि झाड उपाशी." मी म्हटलं, मास्तर, हे शिकवू नका, हे मी घरात रोज बघतोय.

"चुलीतली राख घाल," म्हणाला, "पण चमचाभर! आणि आठवडाभर वाट बघ." चमचाभर? तिची अंगठी सैल होत चाललीय आणि मी आठवडाभर वाट बघू? बादलीभर घातली. आठ! पानांच्या कडा करपल्या. घाबरून व्हिनेगरची बाटली ओतली. पाच! मास्तर कुंपणावर डोकं टेकवून बसला. "डुमा, ती माती आहे, सरकारी नळ नाही सोडायला आणि बंद करायला." मग आलो शुद्धीवर. चमचाभर राख, आठवडाभर थांबणं. साडेपाच. पावणेसहा. सहा! नवी पानं हिरवी निघाली हो! आणि दुसऱ्याच आठवड्यात… धप्प. पाच.

त्यात माझी थोरली बहीण, सिसी नोझिबेले. दर रविवारी येते, आंबट घरगुती बीअरचा डबा घेऊन. टबाशी थांबली. "ही माती कुठली?" म्हटलं, त्सोमोची, आपल्या कुंपणातली. बाईने तिथल्या तिथे चपला काढल्या! "अरे मेल्या, त्या कुंपणात बाबांना पुरलंय, बाबांच्या बाबांना पुरलंय! त्यांना तू आंघोळीच्या टबात बसवलंस? आणि वर तहानलेले ठेवलेस?" आणि बीअरचा मगच ओतला की त्यात, पितरांना पाजायला! मग काय, आत्या आल्या, ओतला. चुलतभाऊ आला, ओतला. म्हटलं, अगं सिसी, माती आंबते! तर म्हणे, "बाबांना आंबटच आवडायची." शेवटी त्यातलीच चार मुठी माती रंगाच्या डब्यात भरली, फाटकाशी ठेवली, म्हटलं, बाबा आता इथे. तीन आठवडे बोलली नाही माझ्याशी. पण डब्यात ओतायला लागली.

तरी पाच! साडेसहा मागत होतो हो, मी काय जास्त मागत होतो का? या सगळ्यात एकच समाधान होतं. रोज सकाळी मी नोक्वाखाला मक्याची आंबील करून देत होतो, निळ्या मगमधून, आणि तो मग रिकामा परत यायचा. अगदी पुसून घेतल्यासारखा. मी मास्तरला अभिमानाने सांगायचो, झाडाचं काही का होईना, बायको मगभर पिते!

मग ठरवलं, चोर पकडायचाच. माझी खात्री होती, सिसीच लपून येत असणार. सकाळी आंबील दिली, बाजारात जातो म्हणून सांगितलं आणि पाण्याच्या टाकीमागे काठी घेऊन बसलो. फाटक वाजलं नाही. कोणी आलं नाही. खिडकी उघडली. एक हात बाहेर आला, काडीसारखा, दोरा गुंडाळलेल्या अंगठीचा, आणि त्यात निळा मग. हळूहळू ओतला तिने. सगळा. मग बोटाने आतून पुसून घेतला.

काठी तिथेच टाकली. मग बाजारातून आल्यासारखा आत गेलो. म्हटलं, प्यायलीस? "सगळी, राडेबे. छान झाली होती." म्हटलं, बरं. माझ्यासाठी करत होती ती. मला वाईट वाटू नये म्हणून.

झाड मेलं. मास्तर म्हणतो, टब पालथा घाल आणि माझे कागद परत दे. मी नाही देत! वाळकी काडीसुद्धा उपटली नाही, टब हलवला तर ती ओतणार कुठे? रोज संध्याकाळी चमचाभर राख घालतो. ती प्यायली की आकडा चढतो, ओतली की पडतो. विचारायला नको, भांडायला नको, तिला खोटं बोलायला लावायला नको. तीस वर्षं मीटर वाचले, आता हा एकच उरलाय.

काल सहा होतं! आणि आज परत पाच… पण आज मग परत देताना म्हणाली, "आज जरा जास्तच आंबट झाली होती हो." आता तुम्हीच सांगा… म्हणजे एक घोट तरी घेतला असेल ना?