कुसाबाईंचे जिवाणू

सन्माननीय अध्यक्ष प्राचार्य आहेर सर, व्यासपीठावरचे संस्थेचे पदाधिकारी, सहकारी प्राध्यापक, कर्मचारी बंधुभगिनींनो, आणि परीक्षा संपल्यावरही केवळ माझ्यासाठी थांबलेल्या विद्यार्थ्यांनो,

शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. नाशिक रोडला मे महिन्यात शाल! मी ती लगेच घडी करून ठेवली, त्याचा कृपया कोणी गैरसमज करून घेऊ नये.

सर आत्ता म्हणाले, ‘बोरस्ते मॅडमनी संशोधनाला आयुष्य वाहिलं.’ सर, हा तुमचा मोठेपणा. पण स्टाफरूममध्ये मला काय म्हणायचे, ते मला ठाऊक आहे बरं का! ‘संडास मॅडम.’ हसा, हसा. त्यात खोटं तरी काय होतं? १९९६ साली मी पेठ तालुक्यातल्या पाड्यांवर शौचाचे नमुने मागत हिंडत होते. आपल्या आतड्यात जिवाणूंचं अख्खं गाव नांदतं. ते अन्न पचवायला, रोग अडवायला मदत करतं, आणि आपलं खाणं नि औषधं बदलली की तेही बदलतं. मला त्याचा अभ्यास करायचा होता.

तिथे कुसाबाई नावाच्या एक आजी होत्या. मी डबी पुढे केली, तर पदर तोंडाला लावून म्हणाल्या, “काय गं बाय, नाशकात एवढी माणसं हायेत, तिथं कोणी जात नाय का?”

मी म्हटलं, “आजी, तुम्ही नागलीची भाकर खाता, रानातल्या भाज्या खाता, गोळी कधी घेतली नाही. तुमच्या पोटात जे आहे, ते आमच्याकडे उरलेलं नाही.”

त्या पोट धरून हसल्या. मग म्हणाल्या, “ने मग. पण नीट जप हां.”

मी जपलं. हे जिवाणू हवा लागली की मरतात. त्यांना बिनहवेच्या बरणीत वाढवायचं, बाटल्यांत भरून डीप फ्रीझरमध्ये ठेवायचं, अधूनमधून जागं करून खाऊपिऊ घालायचं. खिडकीतून एकलहऱ्याच्या वीजकेंद्राची धुराडी दिसतात, पण भारनियमन आपल्यालाही चुकलेलं नाही! वीज गेली की मी रिक्षा करून बर्फाची लादी आणायला धावायची. दिवाळीत गावी गेले नाही. भाचीच्या लग्नातून अक्षता पडताच परत निघाले. हळूहळू आमंत्रणंच यायची थांबली. खरं सांगू? एकटेपणा कधी आला, ते कळलंसुद्धा नाही. संध्याकाळी लॅबला कुलूप लावताना मी त्या फ्रीझरला ‘येते रे’ म्हणायची, कारण तसं म्हणायला दुसरं कोणी नव्हतं.

कुसाबाई आता नाहीत. पाड्यावर रस्ता आला, दवाखाना आला. तापाला गोळी मिळते, पोरं जगतात, चांगलंच झालं. पण ते जिवाणू आता तिथे सापडत नाहीत. माझ्या बाटल्यांत होते तेवढेच. पुण्याच्या एका संस्थेने ते सांभाळायचं कबूल केलं होतं आणि सोमवारी त्यांची गाडी येणार होती.

आज दुपारी मी लॅबमध्ये गेले. आपले लॅब अटेंडंट खंडेराव दारातच उभे होते, तोंडभर हसत. “मॅडम, फ्रीझर उघडून बघा!” उघडला, तर आत आजच्या कार्यक्रमासाठी आणलेले केशर-पिस्ता आइस्क्रीमचे डबे. कँटीनचा फ्रीझर लहान पडला म्हणे. आणि टेबलावर पांढऱ्या फडक्यावर माझ्या सगळ्या बाटल्या पालथ्या घातलेल्या. उकळून, ब्रशने घासून, अगदी लख्ख. “उद्या चार्ज द्यायचा ना, मॅडम. तुम्हाला शेवटच्या दिवशी घासत बसायला नको.”

निवृत्त होणाऱ्याने काचसामान धुऊन सोपवायचं, ही आपल्या विभागाची रीतच आहे. त्या बाटल्यांत काय होतं ते मी सांगितलं, तेव्हापासून हा माणूस त्या दाराशी उभा आहे. पाण्याचा घोटही घेतलेला नाही.

अध्यक्ष महोदय, तुम्ही मघाशी खंडेरावांना मेमो द्यायचं बोललात. मला राग आला नाही असं नाही. फार आला. जे गेलं ते पुन्हा कुठून आणू? पण बाई दमलेली आहे, तिचं काम आपण करून टाकावं, हे इतक्या वर्षांत माझ्या बाबतीत एकाच माणसाला सुचलं. त्याला मेमो देऊ नका. निरोपाची भेट म्हणून मी एवढंच मागते.

फार बोलले. कोणाचा उल्लेख राहिला असेल, शब्द अधिकउणा गेला असेल, तर बाईचं वय झालं म्हणून पोटात घाला. आपण सगळे आलात, मी मनापासून आभारी आहे.

आणि खंडेराव, डोळे पुसा बघू. दोन वाट्या आइस्क्रीम आणा नि इथे माझ्या शेजारी बसा. आज मला एकटीने खायचं नाही.