टोलेफ्सनचं घर

फट्... दोन्ही तळहात मांड्यांवर असे आपटले त्या माणसानं की, तुम्हाला सांगतो, माझ्या बायकोच्या, लिडाच्या हातातली कॉफी सांडली, मला वाटलं, झालं, गावात पाय टाकला नाही तोच शेजारी बिघडला! बिघडतोय कसला... अमेरिकेत, आयोवाच्या या टोकाला ‘निघतो आता’ म्हणायची ही रीत, आणि निघायचं म्हणजे तरी काय, आधी मांड्या आपटायच्या, मग दारात उभं राहून मक्यात ओल किती ते बोलायचं, मग गाडीत बसून काच खाली करून पावसावर. तो हा वेंडेल. काच वर करता करता म्हणतो, "टोलेफ्सनचं घर बरं आहे. राहाल तुम्ही."

अहो, टोलेफ्सन कोण? मेलेला माणूस! घर मी घेतलं, छप्पर मी घातलं, पिवळा रंग माझ्या लिडानं निवडला, तो बघून गाव म्हणालं, "वेगळाच आहे हो," आणि इथं ‘वेगळाच’ ही शिवी असते, हे कळेपर्यंत मी आपला आभार मानत फिरलो... तरी घर टोलेफ्सनचं!

बरं, मी काय चंद्रावरून आलो होतो? नदीपलीकडचा मी, आंतोन वोंद्रा. आम्ही चेक, हे नॉर्वेजियन, एवढंच. पण नाही. चर्चच्या जेवणाला लिडानं खसखस भरलेले गोड पाव नेले, सगळे संपले, शेवटचा एक उरला. शेवटचं इथं कोणी उचलत नाही, अर्धा करतात, त्याचा अर्धा करतात, पार भुगा होईस्तोवर... आणि भुगा चाटत एक बाई म्हणते, "टोलेफ्सनकडचीनं आणलेत." टोलेफ्सनकडची! अहो, बायको माझी!

एकदा विचारलंच. "वेंडेल, हे वोंद्राचं घर कधी होणार रे?"

त्यानं टोपी मागं सारली, बराच विचार केला. "टोलेफ्सन होता तेव्हा याला ब्रेक्केचं घर म्हणायचे. फार चिडायचा तो."



लिडा गेली, तेव्हा सगळं गाव भांडी भरभरून जेवण घेऊन आलं. कुठं? टोलेफ्सनकडे. तिच्या रंगाच्या भिंतीला टेकून मी ते ऐकलं. एकदा, फक्त एकदा, ‘वोंद्राचं घर’ तिच्या कानावर पडायला हवं होतं हो...

पुढं जिना चढवेना. घर विकलं, वृद्धाश्रमात खोली घेतली. निघायच्या दिवशी बॅग घेऊन पायरीवर बसलो, शेजारी वेंडेल. तेवढ्यात नव्या लोकांच्या सामानाचा ट्रक आला, चालकानं पत्ता विचारला, आणि वेंडेल बसल्या जागेवरून म्हणतो, "वोंद्राचं घर ना? हेच. पिवळं."

विकलं तेव्हा माझं झालं!

"वेंडेल," मी म्हटलं, "काय म्हणालास?"

त्यानं घराकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. दोन्ही हात वर उचलले, मी म्हटलं, आता आपटणार मांड्या... नाही आपटल्या. हळूच गुडघ्यांवर ठेवले, उठला. ना मका, ना पाऊस. आपल्या घराकडं चालू लागला.