बोरखिंडीतला चेन आवळणारा

ऐका रे पोरांनो. पाण्याच्या मोटारीची लाईट यायला अजून तासभर आहे. तोवर पाटावर डास मारत बसण्यापेक्षा बोरखिंडीची गोष्ट ऐका. अन् ए, तो मोबाईल उलटा ठेव! यातलं निम्मं मी या डोळ्यांनी पाहिलंय.

आपल्या वरच्या मळ्यातला आनंदा लवटे. त्याची म्हैस काशी व्याली, आणि दिवस मावळता खाली बसली ती उठेचना. मान टाकलेली, कान गार. मी तेव्हा जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होतो. कानाला हात लावला नि म्हणालो, "आनंदा, कॅल्शियमची बाटली लागंल. माझ्याकडची संपलीया. लगोलग आण, न्हायतर पहाट बघायची न्हाय ही." घरात तीच एक दुभती. त्याची बायको हौसा म्हशीचं तोंड मांडीवर घेऊन बसली होती. आनंदानं गाडी काढली.

गाडी कसली, शंभर सीसीचं जुनं खटारं! चेन लोंबकळलेली, मागच्या चकरीचे दात झिजून काट्यासारखे झालेले. मेकॅनिक कानीकपाळी ओरडत होता, नवा चेन सेट टाक. हा म्हणायचा, दिवाळीला बघू.

तालुक्याला बाटली मिळाली. पण निघायला अकरा वाजले. धरणाच्या रस्त्यानं बारा किलोमीटर जास्त पडतात. मग काय, घातली गाडी खिंडीत!

चढ संपला. माथ्यावर ते करंजाचं झाड आहे ना? बरोबर तिथं, कट्! चेन उतरली. आनंदानं मोबाईलची बॅटरी लावून तो दातात धरला, चेन चकरीवर टेकवली, चाक हातानं फिरवलं, बसवली. काळे हात पँटीला पुसले नि निघाला. पुढं सगळा उतार. एक वळण, दुसरं वळण... आणि समोर करंजाचं झाड!

अरे, उताराला लागलेला माणूस माथ्यावर येईलच कसा? पण आला. आणि कट्! पुन्हा उतरली.

या खेपेला त्यानं पाना काढला, मागचं चाक जरा ओढून चेन ताणली. दोन बोटं ढील ठेवली, मेकॅनिक सांगतो तशी. निघाला. एक वळण, दुसरं वळण, करंज. कट्!

आणि आता झाडाखाली एकजण उकिडवा बसलेला. डोक्यावर घोंगडं. तोंड दिसेना.

"ढिली झालीया," तो म्हणाला. "आवळून देऊ का?"

घाई फार वाईट, पोरांनो. आनंदाच्या डोळ्यांपुढं काशी. तो म्हणाला, "द्या की बाबा."

त्या माणसानं पाना मागितला नाही. नट बोटांनी फिरवला. बोटांनी! चेन तारेसारखी ताठ झाली. आनंदा तसाच निघाला. इंजिन कण्हायला लागलं, गाडी ओढेना. एक वळण, दुसरं वळण... करंज. तो तिथंच.

"अजून आवळू?"

आनंदाला रडू फुटलं. "जाऊ दे रं मला. म्हस मरंल माझी."

तो हसला. "चेन बघ की. जिथनं निघती तिथंच येती. तू बी फिर."

असं म्हणाला, आणि तिथंच चुकला! आनंदाच्या ध्यानात आलं, चेन तुटली तर हा फेराही तुटेल. पकडीनं चेनची दोन टोकं जोडणारं लॉक उपसायला घेतलं. कडी निघेना, तर दगडानं ठोकली. बोटं फुटली, रक्त आलं, तरी ठोकत राहिला. मागनं आवाज, "लॉक नको काढू!" आधी दरडावून, मग हात जोडल्यागत, मग अगदी हौसाच्या आवाजात, "अवं, नका ना काढू!"

खळ्ळकन चेन मातीत पडली.

लॉक खिशात टाकलं, गाडी न्यूट्रल केली, पाय मारले. मागं कॅरियरवर धपकन कुणीतरी बसलं. गाडी दबली. आनंदानं वळून पाहिलं नाही. पहिलं वळण, दुसरं वळण... करंज नाही! खालचं मारुतीचं देऊळ दिसलं तसं मागचं ओझं उतरलं.

मी गोठ्यातच होतो. बिनचेनची गाडी ढकलत आला. बाटली शर्टात छातीशी खोचलेली. मीच लावली ती काशीला. अर्ध्या तासात तिनं मान उचलली, आणि हा गडी तिच्या गळ्यात पडून लहान पोरासारखा रडला.

सकाळी आम्ही चौघं चेन आणायला गेलो. मातीत टायरच्या खुणा, झाडाभोवती गोल गोल. आणि चेन? करंजाच्या बुंध्याला आवळून बसवलेली. सालीत रुतलेली. मी बोटानं कडी अन् कडी चाचपली, सांधा कुठंच नाही. लॉक तर आनंदाच्या खिशात होतं!

आम्ही हात लावला नाही. ती अजून तिथंच आहे. म्हणून सांगतो, बारा किलोमीटर जास्त पडू देत, धरणाच्या रस्त्यानं या. खिंडीच्या वाटेला जाऊ नका. आणि अंधारात कुणी विचारलं, "आवळून देऊ का?" तर बाबांनो, हो म्हणू नका.