कूलरचं गवत

अमेरिकेतल्या वाळवंटी टक्सनच्या हार्डवेअर दुकानात बिलाची रांग हलत नव्हती. रांगेत उभ्या देल्फीनाच्या पुढे एक अनोळखी म्हातारे गृहस्थ कूलरच्या गवताच्या ताट्या छातीशी धरून उभे होते. सोबत त्यांची लेक.

"पापा, ठेवा ते परत. नवा एसी बसवून दिलाय ना तुम्हाला?"

"दिलायस."

"चालत नाही?"

"चालतो की. घर नुसतं गारठतं."

"मग या वयात तापल्या छतावर चढायची हौस कशाला?"

"तुझी आई रडते गं."

"एसीला?"

"खिडक्या बंद, तो कोरडा गारवा. तिला वाटतं, हॉस्पिटलात ठेवलंय. दिवसभर एकच, मला घरी न्या. मी कोण, तेही कळत नाही तिला."

रांग थोडी सरकली.

"काल कंटाळून छतावरचा जुना कूलर लावला. ओल्या गवताचा वास आला, तशी छताकडे बघून ओरडली, 'एवारिस्तो, उतर खाली, टॉर्टिया निवतायत!'"

"दर उन्हाळ्यात तुम्ही गवत बदलायला चढलात की ओरडायची, तशी?"

"अगदी तशीच."

"पण तुम्ही तर खालीच होता."

"तिच्या शेजारीच बसलो होतो. म्हटलं, उतरतोच आहे."

लेकीने ताट्या स्वतःकडे घेतल्या.

"मोटरला घालायचं तेल आहे का घरी?"